पाकिटावर काय लिहिले आहे?

पहिला पाऊस पडून गेला की हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. कुणाला जुलाब, कुणाच्या धाकट्या भावाला उलट्या. मुलाला न्यायला आलेली आई मग बाईंनाच विचारते, "दुकानात मिळतं ते गोड पाणी देऊ का? शेजारीण म्हणते, खाणंपिणं बंद ठेव. मोबाइलवर आणखीनच काही आलंय." आपण डॉक्टर नाही. पण मिळालेली माहिती भरवशाची आहे का, हे पारखायचे कसे एवढे आपण नक्कीच सांगू शकतो. त्यासाठी ओआरएसचे, म्हणजे जलसंजीवनीचे पाकीटच हातात घेऊन वाचू या.

पाकिटावर घटकांची वजने छापलेली असतात. एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम. हे आकडे आले कुठून?

आतड्याच्या अस्तरातील पेशींवर एक प्रथिन असते. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेते. त्यांच्या मागोमाग पाणीही शोषले जाते. जुलाब होत असतानाही हा मार्ग बहुधा चालू राहतो. म्हणून नुसते पाणी किंवा नुसती साखर पुरत नाही; दोन्ही योग्य प्रमाणात लागतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा असेच पाणी तोंडाने पाजले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

मग साखर जास्त झाली तर काय बिघडते? मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, हे आपण रोज पाहतो. फार गोड पेय आतड्यात गेले की तसेच होते. पाणी शरीरात जाण्याऐवजी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. बाजारात मात्र नावात 'ओआरएस' असलेली आणि कित्येक पट साखर घातलेली पेये विकली जात होती. २०२२ पासून त्यांच्यावर 'हे ओआरएस नव्हे' अशा अर्थाची सूचना छापावी लागे. ती किती जण वाचणार? अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायलाच मनाई केली.

पारखण्याच्या चार खुणा

या एका पाकिटावरून चार प्रश्न हाती लागतात. आरोग्याच्या कोणत्याही माहितीला ते विचारता येतील.

एक, माहिती नेमकी आहे का? 'थोडे मीठ, थोडी साखर' ही माहिती नव्हे. पाकीट मिळेपर्यंत घरी करायचे पाणीही मोजूनच करावे लागते: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

दोन, कोण सांगते आहे आणि त्यात त्याचा फायदा काय? विकणाऱ्याचे म्हणणे खोटेच असते असे नाही. पण ते दुसरीकडे ताडून पाहावे.

तीन, माहिती केव्हाची आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली जुन्या सूत्रातील मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले. नव्या पुराव्यानुसार बदलणे हा विज्ञानाचा गुण आहे. म्हणून भिंतीवरच्या तक्त्यावरही साल पाहावे.

चार, हा उपाय केव्हा अपुरा पडतो हे सांगितले आहे का? 'हमखास गुण' म्हणणारा हे कधीच सांगत नाही. भरवशाची माहिती सांगते: मूल सुस्त झाले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले, लघवी फार कमी झाली, शौचात रक्त दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर थांबू नका; दवाखाना गाठा. शेजारणीच्या सल्ल्यालाही हेच प्रश्न लावा. जुलाबात अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न चालूच ठेवायचे असते.

विचारायचे कुणाला?

आपल्या गावात हे सांगणारी माणसे आहेत. आशाताईंकडे जलसंजीवनीची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या मोफत मिळतात. अंगणवाडीताई बाळाच्या वजनाची नोंद ठेवतात. उपकेंद्रात परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा नोंदवही पुढे करून मोकळे होऊ नये. कोणत्या मुलाला पुढे पाठवायला सांगितले, तो गेला का, हे विचारणारे माणूस बहुधा शिक्षकच असतो.

वर्गात एक काम देता येईल. मुलांनी घरातली रिकामी पाकिटे आणावीत, घटक वाचावेत आणि चार प्रश्न विचारावेत. शेवटी आशाताई, अंगणवाडीताई आणि आरोग्य केंद्र यांची नावे व फोन क्रमांक एका कागदावर लिहून प्रत्येकाने आपल्या घराच्या दारामागे लावावेत. रात्री बाळ सुस्त झाले, तर तो कागद दिव्याखाली वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात.