उंच गेलेल्या शेवग्याची छाटणी आणि फाटे कलमाने लागवड

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर हिंगोली आणि नागपूर असा फुटतो. या भागात परसात, विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर शेवग्याचे एखादे झाड असतेच. पण बहुतेक झाडे वीस-पंचवीस फूट सरळ वर गेलेली दिसतात. खाली नुसते खोड आणि शेंगा शेंड्याला! आकडीला लागतील तेवढ्या काढायच्या, बाकीच्या झाडावरच वाळतात. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते. जाड दिसणारी फांदीही माणसाच्या वजनाने कडकन मोडते, म्हणून झाडावर चढणे जिवावर बेतू शकते. वादळात झाड मोडले तर चांगल्या चवीची शेंगही कायमची जाते. दरवर्षी छाटणी केल्यास झाड हाताशी राहते आणि कापलेल्या फांद्यांपासून त्याच झाडाची नवी झाडे तयार होतात.

झाड उंच का जाते?

शेंड्यात तयार होणारे संजीवक खालच्या डोळ्यांची वाढ रोखून धरते. शेंडा काढला की हे डोळे फुटतात. फुलांचे घोस नव्या फुटीवर येत असल्याने छाटणीने उत्पन्न बुडत नाही.

छाटणी केव्हा व कशी करावी?

उन्हाळी शेंगांची तोडणी संपल्यावर, पाऊस सुरू होण्यापूर्वी छाटणी करावी. ऐन पावसात कापल्यास जखम कुजते. आधी वरच्या फांद्या उतरवाव्यात. मग जमिनीपासून सुमारे 90 सेंमी (तीन फूट) उंचीवर खोड धारदार करवतीने तिरपे कापावे, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. कुऱ्हाड वापरू नये, खोड चिरते. कापलेल्या भागावर लगेच बोर्डो मलम लावावे. त्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी घ्यावे. मोरचूद व चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून नंतर एकत्र करावा.

नवीन फुटव्यांपैकी चारही दिशांना गेलेले 4 ते 5 जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढावेत. ठेवलेले फुटवे दीड-दोन फुटांचे झाले की शेंडे खुडावेत. प्रत्येक झाडास 20 ते 25 किलो शेणखत, 100 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट व 50 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश देऊन पाणी द्यावे. साधारण चार-पाच महिन्यांत पुन्हा शेंगा सुरू होतात.

फाटे कलम

शेवग्यात परपरागीकरण होते, त्यामुळे घरच्या बियांची रोपे मूळ झाडासारखीच निघतील याची खात्री नसते. फाटे कलमात मात्र मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरतात. तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पीकेएम-1 वाणाची लागवड मात्र खात्रीचे बियाणे आणूनच करावी.

फाट्यासाठी पक्व, मनगटाएवढी जाड फांदी निवडावी. कोवळे शेंडे कुजतात. फाटे तीन ते चार फूट लांब कापावेत आणि बुडखा कोणता ते ओळखण्यासाठी खूण करावी. उलटा लावलेला फाटा नीट वाढत नाही. चीक सुकण्यासाठी दोन-तीन दिवस सावलीत ठेवून, पाऊस लागताच जून-जुलैत लावावेत.

खड्डा 60 × 60 × 60 सेंमीचा घेऊन शेणखत व मातीने भरावा. फाट्याचा एक तृतीयांश भाग मातीत जाईल असा लावून भोवतालची माती घट्ट दाबावी. दोन झाडांत 10 ते 12 फूट अंतर ठेवावे. आपल्या काळ्या भारी जमिनीत पाणी साचले की फाटा बुडाशी सडतो, म्हणून उंचवट्यावर किंवा धुऱ्यावर लागवड करावी.

एक काळजी अवश्य घ्यावी. जुने खोड पोखरलेले किंवा पोकळ असेल, तर पहिल्या वर्षी फक्त फांद्या काढून फाटे लावावेत. ते रुजल्याची खात्री झाल्यावरच पुढच्या उन्हाळ्यात खोड कापावे. म्हणजे जुने झाड गेले तरी त्याची शेंग घरात राहील.