सनमायक्याच्या फळीला बादलीभर पाणी नको



घटस्थापना जवळ आली की घरातला सगळा पसारा अंगणात येतो. गोधड्या दोरीवर, भांडी हौदाजवळ आणि मांडणीवरचे डबे ओसरीत. या साफसफाईची आपल्याकडची रीत ठरलेली आहे. बादलीभर पाणी ओतायचे, काथ्या नाहीतर तारेची घासणी घ्यायची आणि खसाखसा घासून काढायचे. कडप्प्याच्या फळ्यांना हे चालत होते. दगडाला काय होतंय? पण आता बारामती-इंदापूर भागातल्या पुष्कळ नव्या घरांत सनमायका लावलेल्या फळ्या आणि कपाटे आली आहेत. उसाचे बिल जमा झाले की सुताराला बोलावले जाते. आणि दोन-तीन दिवाळ्या होतात न होतात तोच फळीची कड फुगते, पट्टी सुटते, आतला भुसा गळायला लागतो.

आम्ही ऊस विकास विभागाची मंडळी लागणीच्या नोंदीसाठी गटागटांतून फिरतो. पणदरे असो की सणसर, चहा घेतल्याशिवाय कुणी उठू देत नाही. त्या बैठकीत हे गाऱ्हाणे बऱ्याचदा ऐकू येते, "साहेब, सुतारानं माल बोगस घातला." काही ठिकाणी तसे असेलही. पण पुष्कळ ठिकाणी माल ठीक असतो, धुण्याची पद्धत चुकलेली असते. उसाच्या पत्रिकेत फळ्यांचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. या फळीचे आणि उसाचे नाते आहे, ते आधी सांगतो.

'सनमायका' हे खरे म्हणजे एका कंपनीच्या मालाचे नाव. आपल्या बोलण्यात ते सगळ्याच लॅमिनेटला चिकटले. हा पत्रा कागदाचा असतो. खालचे तपकिरी कागद एका प्रकारच्या रेझिनमध्ये आणि वरचा नक्षीचा कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवतात, आणि सगळे थर गरम दाबयंत्रात दाबून एकजीव करतात. तयार पत्रा साधारण १ मिलिमीटर जाडीचा. वरून पाण्याला दाद देत नाही. प्रश्न असतो तो त्याच्या खाली काय आहे याचा. खाली प्लायवूड असेल तर ते थोडाफार ओलावा सोसते. तयार कपाटांत मात्र बऱ्याचदा पार्टिकल बोर्ड असतो, म्हणजे लाकडाचा किंवा बगॅसचा बारीक चुरा चिकटवून दाबलेली फळी. हो, आपल्याच उसाचे चिपाड! नीरेच्या पलीकडे, माळशिरस तालुक्यात वेळापूरला बगॅसपासून असे बोर्ड करणारा कारखाना १९९०च्या दशकात उभा राहिला. बगॅसमधला मऊ गर आधी काढावा लागतो, कारण तो रेझिनही पितो आणि पाणीही पितो. चुरा धरून ठेवायला बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा चिकट वापरतात. युरिया म्हणजे आपण खोडव्याला टाकतो तोच पदार्थ. ओल आणि उष्णता एकत्र आली की हा चिकट दम सोडतो, दाबलेला चुरा फुगतो, आणि एकदा फुगला की पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही.

आता बेणेप्रक्रिया आठवा. टिपरी औषधात का बुडवतो? साल शाबूत असली तरी रोग कापलेल्या तोंडातून आत शिरतो म्हणून. फळीचेही तसेच आहे. पाणी वरून जात नाही, कडेने जाते. समोरच्या कडेला पट्टी असते, ती आपल्याला दिसते. मागची कड, नळाच्या पाइपासाठी पाडलेले भोक, बिजागरीचे खाचे, कपाटाचा जमिनीला टेकलेला तळ, या जागा उघड्या राहतात आणि फरशी धुताना पाणी तिथूनच चढते. सुतार घरात असतानाच या उघड्या कडांना वॉर्निश किंवा रंगाचे दोन हात मारून घ्या आणि कपाट जमिनीपासून ४ इंच वर, पायावर किंवा कडप्प्याच्या पट्टीवर बसवा. खर्च किरकोळ आहे.

रोजच्या सफाईला फार काही लागत नाही. आधी कोरड्या मऊ फडक्याने धूळ हलक्या हाताने झटकून घ्यावी. हे आमच्या भागात महत्त्वाचे, कारण गाळप हंगामात धुराड्याची काजळी आसपासच्या वस्त्यांवर पडते. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे ती बारीक वाळूच समजा. ओल्या फडक्याने ती रगडली की सनमायक्यावर ओरखडे उठतात आणि मग त्या ओरखड्यांत तेलकट मळ बसतो. राखेने भांडी घासायची सवय फळीवर चालवू नये ती याचसाठी. धूळ गेली की कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून फडके घट्ट पिळून पुसावे, नंतर साध्या ओल्या आणि शेवटी कोरड्या फडक्याने. हे शेवटचे कोरडे फडके बहुतेक जण विसरतात. आपल्या विहिरी-बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षाराचे. ते फळीवर वाळले की पांढरे डाग धरते. तसा डाग पडलाच तर पाण्यात थोडे लिंबू पिळून पुसावे आणि लगेच साध्या पाण्याने फडके फिरवावे.

हळदीचा डाग हा बायकांचा खरा वैताग. त्यावर खाण्याचा सोडा चोळला तर डाग लाल होतो, चुन्याने हळदीचे कुंकू होते त्यातलाच प्रकार. साबणाने ताजा डाग काढावा, उरलेल्यावर कापसाने स्पिरिट फिरवावे, गॅस बंद ठेवून. तरी पिवळी झाक राहिली तर घाबरू नये. हळदीचा रंग उजेडाने विटतो. काकवी सांडली तर खरवडू नये, कोमट पाण्याचे फडके दहा मिनिटे ठेवावे, आपोआप सुटते. देव्हारा सनमायक्याचा असेल तर समईखाली पितळी ताटली हवीच. गरम तवा आणि कुकर फळीवर टेकवू नये.

संडास साफ करायचे ॲसिड काही जण फळीलाही लावतात. त्याने चकाकी जाते, पण त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ॲसिड आणि ब्लीचिंगचे पाणी एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. दोन्ही एका वेळी हातात घेऊच नका.

तसेच वाळवीचे. फळीत वाळवी दिसली की उसासाठी आणलेले औषध ओतायचे, हा प्रकार आम्ही पाहिला आहे. ते शेताचे औषध आहे. ज्या फळीवर पीठ आणि तान्ह्या पोराची बाटली ठेवायची, तिथे त्याचा थेंबही नको. तणनाशकाच्या अर्ध्या बाटल्याही स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवू नका. त्यांची जागा घराबाहेर, कुलुपात. युरियाची उघडी गोणीसुद्धा फळीजवळ नको, ती हवेतली ओल ओढते.

पार्टिकल बोर्डाच्या लांब फळीवर तेलाचे डबे मधोमध ठेवले की ती वाकते. जड डबे दोन्ही टोकांना आधाराजवळ ठेवा, आणि अडीच फुटांपेक्षा लांब फळी असेल तर मध्ये एक टेकू मारून घ्या. फुगलेली कड पंख्याच्या वाऱ्याने पूर्ण वाळू द्यावी, मगच सुताराकडून तेवढा भाग कापून नवी पट्टी लावावी. ओल्यावर पट्टी मारली तर आतल्या आत कुजते. बिजागरीचा स्क्रू ढिला झाला असेल तर काडेपेटीच्या काडीचे गूल मोडून टाका, काडी फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, वरचे टोक सपाट कापा आणि दुसऱ्या दिवशी तोच स्क्रू पिळा.