अळंबीवरील तपकिरी डाग



माझा एक जुना विद्यार्थी घरामागील खोलींत बटन अळंबीची लागवड करतो. गेल्या हिवाळ्यांत त्याच्या पांढऱ्याशुभ्र टोप्यांवर तपकिरी डाग उमटले. बुरशीचा रोग समजून त्यानें बुरशीनाशक पाण्यांत मिसळून फवारलें. आठवड्याभरांत डाग अधिकच पसरले. (अळंबी स्वतःच बुरशीच्या कुळांतली, हें तो विसरला होता!) औषधांत खोट नव्हती, चुकलें होतें तें निदान. रोग जिवाणूंचा होता, आणि जिवाणूंना हवें असणारें पाणीच त्यानें पुरविलें.

हा रोग अमेरिकेंत टोलास यांनीं १९१५ सालीं वर्णिला. पुढें १९१९ मध्यें इंग्लंडांत पेन यांनीं त्याचा जिवाणू ओळखून त्यास टोलास यांचेंच नांव दिलें. आज त्यास स्यूडोमोनास टोलासी म्हणतात. हा जिवाणू पिकावर घातलेल्या मातींत असतोच. टोपीवर पाण्याचा थर तासन्‌तास राहिला म्हणजे तो बळावतो. त्याचें विष अळंबीच्या पेशींच्या आवरणास छिद्रें पाडतें. तपकिरी रंग मात्र त्या जखमी पेशींतच तयार होतो.

आतां ओळख कशी पटवावी? डाग प्रथम फिकट पिवळसर, मग गडद, किंचित खोलगट होतो, आणि बोटास चिकट लागतो. टोपी कापल्यास विकार बहुधा दोन-तीन मिलिमीटरांपलीकडे गेलेला नसतो. नुसत्या दाबानें पडलेला डागही तपकिरीच, पण तो कोरडा असतो व पसरत नाहीं. कोरड्या, करड्या डागावर लव दिसली तर संशय बुरशीचा घ्यावा.

डोळ्यांस मात्र फसगत संभवते. म्हणून वाँग व प्रीस यांनीं १९७९ सालीं एक सुंदर परीक्षा सुचविली. थिजलेल्या पोषणद्रव्यावर संशयित जिवाणू व त्याचा ‘रिॲक्टन्स’ नांवाचा भाऊबंद शेजारीं शेजारीं वाढवावयाचे. संशयित जर टोलासीच असेल, तर दोघांच्या स्रावांचा संयोग होऊन मध्यें पांढरी रेघ उमटते! शिवाय निरोगी अळंबीच्या कापावर तो जिवाणू टाकून डाग पडतो का, हेंही पाहतात.

माझा विद्यार्थी आतां पाणी सकाळीं देतो, आणि दोन-तीन तासांत टोप्या सुकेपर्यंत पंखा चालू ठेवतो. बाजारांतून आणलेल्या डब्यांतही हा रोग वाढतो. तेव्हां झाकणास आंतून पाण्याचे थेंब दिसले, तर गृहिणींनीं टोपीवर एकवार बोट फिरवून पाहावें.