गोडाधोडाचा स्टाउट, घरच्या घरी

अमेरिकेत घरी बिअर करण्याला केंद्रीय कायद्याची परवानगी मिळाली ती राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केल्यावर. आज तिथले हौशी लोक काळ्याभोर स्टाउटमध्ये नारळ, व्हॅनिला, दालचिनी, शेंगदाणे, अगदी बिस्किटंही घालतात. चव जेवणानंतरच्या गोड पदार्थासारखी लागते, म्हणून याला ‘पेस्ट्री स्टाउट’ म्हणतात. पण यातले बरेच घाणे जिन्नस कमी पडल्यामुळे फसत नाहीत. गोडीचा हिशेब चुकतो म्हणून फसतात.

गोडी टिकते कशी?

यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. त्यामुळे साखर, मध किंवा मार्शमॅलो कितीही ओतले तरी गोडी उरत नाही. बिअर उलट कडक आणि पातळ होते. आपल्या गुळाचंही तेच. त्याचा रंग आणि खमंगपणा थोडा राहतो, गोडवा मात्र यीस्टच्या पोटात जातो.

यावरचा उपाय म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर. बिअरच्या यीस्टला ती पचत नाही. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या हाइथ गावी १९०७ पासून ‘मॅकेसन’ हा दुधाच्या साखरेचा स्टाउट याच आधारावर बनू लागला. लॅक्टोजची गोडी नेहमीच्या साखरेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी असते, पण तिने बिअरला दाटपणा येतो. २० लिटरला ४५० ग्रॅम पुरे. उकळी संपायला दहा मिनिटं असताना ती घालावी आणि खाली लागू नये म्हणून ढवळत राहावं.

आधी पाया

२० लिटरसाठी साधारण साडेपाच किलो फिकं माल्ट, ६०० ग्रॅम ओट्स, ४०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट, ३५० ग्रॅम चॉकलेट माल्ट आणि २५० ग्रॅम भाजलेले जव घ्यावेत. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसतं. गडद भाजल्यामुळे त्याला तो रंग आणि वास येतो. सगळं धान्य भरडून ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरू द्यावं. तापमान याहून खाली गेलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त सुटते आणि बिअरचं अंग हलकं होतं. मग गाळून, हॉप्स घालून तासभर उकळावं. हॉप्स बेताने, फक्त गोडी अंगावर येऊ नये इतपत. थंड करून इंग्लिश एल यीस्ट घालावं आणि १८ ते २० अंशांवर दोन आठवडे आंबू द्यावं. अल्कोहोल सात टक्क्यांच्या आसपास येतं.

जिन्नस कधी, किती?

आंबण्याचा जोर ओसरल्यावरच. आधी घातले तर बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर वासही उडून जातो.

कोकोच्या बियांचे तुकडे १५० ग्रॅम घ्यावेत. कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत परतावेत, बरणीत बुडतील एवढ्या व्होडकात चार दिवस भिजवावेत आणि अर्कासकट ओतावेत. व्हॅनिलाच्या दोन शेंगा उभ्या चिरून आतला गर खरवडावा आणि सालींसकट त्याच बरणीत टाकावा. तिसऱ्या दिवसापासून बिअर रोज चाखावी. दालचिनीचा एकच तुकडा घालावा. ती लवकर सगळ्यांवर कुरघोडी करते, म्हणून वेळीच काढून घ्यावी.

खोबऱ्यात खरी अडचण तेलाची. तेलाने फेस बसतो. बिनसाखरेचा सुका कीस सोनेरी भाजून कागदावर तेल टिपावं, मलमलच्या पुरचुंडीत बांधून तीन-चार दिवस ठेवावा. शेंगदाण्यांसाठी तेल काढलेली पूड वापरावी.

बिस्किटांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घालू नयेत. पिठाची साखर होऊन यीस्ट ती खातं, तूप-लोणी वर तरंगतं, चव नावालाच राहते. व्हॅनिला, दालचिनी आणि बिस्किट माल्ट मिळून तीच चव नीट देतात.

बाटल्या फुटू नयेत म्हणून

घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस हलला नाही की मगच बाटल्या भराव्यात. फळं किंवा सिरप शेवटी घातलं असेल तर यीस्ट पुन्हा कामाला लागतं, तेव्हा आणखी थांबावं. घाई केली तर बंद बाटलीत दाब वाढून काच फुटते आणि गंभीर इजा होऊ शकते. फेसासाठी २० लिटरला १०० ग्रॅम साखर वजन करूनच घालावी.

देण्याआधी

दुधाची साखर न पचणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि शेंगदाण्याची ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते. म्हणून बाटलीवर सगळे जिन्नस लिहावेत. अमेरिकेत एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करता येते, पण ती विकता येत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. तेव्हा तिकडे राहणाऱ्यांनी ही कृती जरूर करून पाहावी. इथल्यांनी वाचण्यापुरतीच ठेवावी.