पहिला क्रमांक आणि हुकलेलं सुवर्ण

माणसाचं कर्तृत्व मोजायचं कशानं? नीतिशास्त्रातला हा जुना प्रश्न आज आपण बॅडमिंटनच्या कोर्टावर नेऊन पाहू. उदाहरण घेऊ मलेशियाच्या ली चोंग वेईचं.

१९८२ साली जन्मलेला हा एकेरीचा खेळाडू एकूण ३४९ आठवडे जागतिक क्रमवारीत पहिला होता, त्यातले १९९ तर सलग. मानाची ऑल इंग्लंड स्पर्धा त्यानं चार वेळा जिंकली. आणि तरीही ऑलिंपिकचं सुवर्ण नाही, जागतिक विजेतेपद नाही. २००८, २०१२ आणि २०१६, अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत तो हरला. दोनदा चीनच्या लिन डॅनकडून, तिसऱ्यांदा चीनच्याच चेन लाँगकडून. मलेशियाला तोवर एकही ऑलिंपिक सुवर्ण मिळालं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर सगळा देश हळहळला.

मग जगात पहिला असलेला माणूस जगज्जेता कसा होत नाही? इथे दोन मापं आहेत, ती आपण वेगळी करू. क्रमवारी ठरते मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांच्या गुणांवर. म्हणजे ती सातत्य मोजते. ऑलिंपिकचा अंतिम सामना मोजतो तासा-दीड तासाचा खेळ. त्यात २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण मिळतो आणि २१ गुणांचा गेम असतो, त्यामुळे एखादी चूकही महागात पडते. २०११ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ली तिसरा गेम २१-२३ असा हरला. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये १९-२१. दोन्ही सामने लंडनलाच झाले आणि दोन्हीकडे फरक फक्त दोन गुणांचा होता.

पण हे सगळं दैवावर ढकलून आपली सुटका होणार नाही. दोघांच्या ४० लढतींपैकी २८ लिननं जिंकल्या. तो सरस होता, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

स्टोइक तत्त्वज्ञ धनुर्धाऱ्याचं उदाहरण देत. नेम नीट धरणं, बाण नीट सोडणं त्याच्या हातात. बाण लागणं पूर्णपणे त्याच्या हातात नाही. बॅडमिंटनमध्ये तर गोष्ट आणखी अवघड, कारण समोरच्यालाही जिंकायचंच असतं. मात्र तोच प्रतिस्पर्धी आपल्याकडून आपला सर्वोत्तम खेळ काढून घेतो. लिन नसता तर लीला कदाचित सुवर्ण मिळालं असतं, पण आपण पाहिला तो ली घडला असता का? २०१६ मध्ये रिओच्या उपांत्य फेरीत त्यानं अखेर लिनला हरवलं. तिसरा गेम २२-२०. पुन्हा दोनच गुण, या वेळी त्याच्या बाजूनं! दुसऱ्या दिवशी मात्र चेन लाँगनं त्याला २१-१८, २१-१८ असं हरवलं.

आणखी एक प्रसंग पाहू. २०१४ मध्ये त्याच्या चाचणीत डेक्सामेथासोन सापडलं. फसवणुकीचा हेतू नव्हता हे चौकशीत मान्य झालं, तरी आठ महिन्यांची बंदी आली आणि त्या वर्षीचं जागतिक रौप्यपदकही गेलं. हेतू शुद्ध असला म्हणून जबाबदारी संपत नाही, हे नियमानं सांगितलं. त्यानं शिक्षा भोगली आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उभा राहिला. तोही हरला, ही गोष्ट वेगळी! पुढे नाकाच्या कर्करोगावर उपचार घेऊन २०१९ च्या जूनमध्ये तो निवृत्त झाला.

तर सुवर्णपदक सांगतं, त्या दिवशी कोण श्रेष्ठ ठरला. क्रमवारी सांगते, रोज कोण चांगला खेळत राहिला. दोन्ही उत्तरं खरी आहेत. गोंधळ होतो तो एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यानं. दहावी-बारावीच्या तीन तासांच्या पेपरवरून मुलाच्या दहा-बारा वर्षांच्या अभ्यासाचा निवाडा करताना आपणही नेमकं हेच करतो. तो पेपर महत्त्वाचा आहेच. पण त्यानं उत्तर दिलेलं असतं एकाच प्रश्नाचं.