नाणेघाट, फ्लॉरेन्स आणि मधली भाषा

फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ साली कोचीनला उतरला. मिऱ्यांची खरेदी हे त्याचे काम. पण कोचीन आणि गोव्याहून त्याने मायदेशी पाठवलेल्या पत्रांत भाषेचाही विचार आहे. सहा, सात, आठ, नऊ हे अंक, देव आणि सर्प हे शब्द संस्कृतात आणि इटालियनमध्ये सारखे कसे, असा प्रश्न त्याने १५८६च्या सुमारास एका मित्राला लिहिलेल्या पत्रात मांडला. भाषाभ्यासक विल्यम जोन्सने हाच मुद्दा कोलकात्यात जाहीरपणे मांडला तो दोनशे वर्षांनी, १७८६ मध्ये. तरुणपणी इकडे आलो असतो तर हे सारे शिकता आले असते, अशी हळहळही सास्सेत्तीने व्यक्त केली आहे. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला.

त्याच्या प्रश्नाचा एक धागा मुरबाड तालुक्याच्या टोकाशी सापडतो. कल्याणहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्यापासून नाणेघाटाची चढण सुरू होते. जुन्नरला पोचणारी ही सातवाहनांची व्यापारवाट. रोमन जगाशी व्यापार करणारे कल्याण बंदर या वाटेच्या दुसऱ्या टोकाला होते. घाटमाथ्यावरच्या लेण्यातला ब्राह्मी लेख प्राकृतात असून त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. या प्राकृताने संस्कृत जोडाक्षरांचे जे केले, तेच इटालियनने लॅटिनचे केले. संस्कृत ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ झाले, लॅटिन ‘सेप्तेम’चे इटालियनमध्ये ‘सेत्ते’. ‘अष्ट’चे ‘अट्ठ’, तसे ‘ओक्तो’चे ‘ओत्तो’. मराठीने पुढे एक पायरी घेतली: द्वित्त सोडले, आधीचा स्वर लांबवला, आणि सात, आठ झाले. इटालियन द्वित्तावरच थांबली.

म्हणून शहापूर-मुरबाडचा मराठी माणूस फ्लॉरेन्सच्या मित्रांकडे मुक्कामाला गेला आणि तिथे इटालियन शिकू लागला, तर त्याच्याजवळ पुष्कळ सामान आधीच असते. अडचण एवढीच, की तो बहुधा इंग्रजी पुस्तकातून शिकतो आणि इंग्रजी बोलणाऱ्याच्या अडचणी विनाकारण आपल्या मानतो. इटालियन ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, मराठीसारखेच. पित्सातला ‘त्स’ म्हणजे ‘चमचा’तला च, आणि ‘चाओ’तला च हा ‘चिमणी’तला. द्वित्ताचा कान तर मराठीला जन्मजात. ‘आता’ आणि ‘आत्ता’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा हे वेगळे सांगावे लागत नाही.

व्याकरणातही तसेच. ‘मला आवडते’ हे इटालियनमध्ये ‘मी प्याचे’: आवडणारी वस्तू कर्ता, आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत. वस्तू अनेक असल्या की क्रियापदही अनेकवचनी. ‘भाकरी खाल्ली’, ‘आंबा खाल्ला’ यांत क्रियापद कर्माचे लिंग घेते; इटालियनमध्ये कर्माचे सर्वनाम पुढे आले की ‘लो मांजाता’, ‘लो मांजातो’ असाच बदल होतो. खरी दमछाक होते ती नामाआधी लागणाऱ्या उपपदांनी. मराठीत ती नाहीत, आणि इटालियनमध्ये ती लिंग, वचन आणि पुढचे अक्षर पाहून बदलतात. नपुंसकलिंग मात्र नाही, तेवढी सुटका.

घरात राहून जे येते ते वर्गात येत नाही. उंबरठ्यावर ‘पेर्मेस्सो’ म्हणून आत यायचे. आत बोलावलेले असले तरीही. मित्राला ‘तू’, पण त्याच्या आजीला ‘लेइ’ हे आदरार्थी रूप. त्यासोबत क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी येते. तू, तुम्ही, आपण यांतून वाढलेल्याला यातली तत्त्वाची गोष्ट समजवावी लागत नाही, रूपे तेवढी घोकावी लागतात. तोस्कानाचा पाव बिनमिठाचा असतो. यजमानाने मीठ विसरल्याची शंका मनातच ठेवावी. सरकारी बाबही आहे. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्याला घरी ठेवणाऱ्याने ४८ तासांत पोलिसांना लेखी कळवायचे असते.

जेवणाच्या टेबलावर सगळे एकदम बोलू लागले की पुस्तकी इटालियन अपुरी पडते. फ्लॉरेन्सकर दोन स्वरांमधला ‘क’ ‘ह’सारखा उच्चारतात, ‘ला कासा’ म्हणजे घर, ते ‘ला हासा’ होते. गंमत अशी, की प्रमाण इटालियन याच शहराच्या जुन्या साहित्यभाषेवर उभी आहे, आणि तिच्या शुद्धतेची राखण करणारी क्रुस्का अकादमीही इथलीच. सास्सेत्ती भारतात पोचला त्याच १५८३च्या सुमारास ती स्थापन झाली. तिचा शब्दकोश १६१२ मध्ये छापला गेला. बोलणाऱ्यांपर्यंत ही भाषा फार उशिरा पोचली. १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा इटालियन बोलू शकणारे तुल्लिओ दे माउरो या भाषाभ्यासकाच्या अंदाजाने अडीच टक्के होते. इतर अभ्यासक दहा टक्क्यांच्या आसपास जातात. बाकी लोक आपापल्या बोलीत.

ही स्थिती शहापूर-मुरबाडला अनोळखी नाही. घरात आगरी, कुणबी, ठाकरी, कातकरी किंवा वारली बोली आणि शाळेत पुस्तकातली मराठी, हे अंतर आश्रमशाळेतले मूल रोज चालते. फ्लॉरेन्सजवळच्या मुजेल्लो डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. तिथे लोरेंझो मिलानी या धर्मगुरूने १९५४ पासून शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या मुलांची शाळा चालवली. शहरी शाळांनी नापास केलेल्या या मुलांची खरी उणीव शब्दांची आहे, असे त्याचे म्हणणे. त्यामुळे तिथे रोज वर्तमानपत्र वाचले जाई, परभाषा शिकवल्या जात, आणि मोठी मुले लहानांना शिकवत. मुलांनी मिळून लिहिलेले, एका शिक्षिकेला उद्देशून असलेले पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. त्याच वर्षी मिलानी वारला. ती वर्गखोली आजही जपलेली आहे.