विषारी दारू डोळ्यांवर का उठते?

विषारी दारूच्या बातमीत एक तपशील हटकून असतो: आधी दिसेनासं झालं, मग माणूस गेला. जून २०१५मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत १००हून अधिक माणसं दगावली, ती मिथेनॉलमुळे. थिनरमध्ये वापरलं जाणारं हे स्वस्त रसायन दिसायला आणि प्यायला नेहमीच्या दारूसारखंच. तेव्हा ‘आम्हाला वासावरून कळतं’ या जाणकारीत काही दम नाही.

खरं तर मिथेनॉल स्वतः तितकं जहाल नाही. आपलंच यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं. हे आम्ल पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. ऊर्जेला कायम हपापलेली डोळ्यामागची नस त्यात लवकर कोलमडते. या सगळ्याला बहुधा १२ ते २४ तास लागतात आणि नेमका हाच वेळ ‘झोपला की उतरेल’ म्हणत वाया जातो. उपाय मात्र चक्रावणारा आहे. यकृतातलं विकर तिकीटखिडकीवरच्या एकट्या कारकुनासारखं असतं. साधी दारू, म्हणजे इथेनॉल, समोर आली की ते तिलाच आधी घेतं. मिथेनॉल ताटकळतं, आम्ल बनत नाही. म्हणून रुग्णालयात मोजून इथेनॉल किंवा फोमेपिझोल नावाचं औषध देतात आणि डायलिसिसने मिथेनॉल बाहेर काढतात. मग घरीच आणखी थोडी पाजली तर? इथेनॉलची मात्रा रक्त तपासत ठरवावी लागते, आधीच साचलेलं आम्ल त्याने हटत नाही, आणि घरात असलेली बाटली बहुतेक वेळा त्याच गुत्त्यावरची असते.